लॉबीत पाय गेला तर गुण किती? पत्रक छापायच्या आधी मिटवायचंय

दापोली_मळा

नमस्कार मंडळी. भात निघालं की मळ्यातच खुल्या गटाची कबड्डी स्पर्धा आहे. १६ संघ, बाद पद्धत, दोन रात्री, प्रकाशझोतात. पत्रक छापायला द्यायचंय आणि गाडी तीन ठिकाणी अडली आहे.

१. अर्धं मंडळ म्हणतं, "प्रो कबड्डीचे नियम लागू राहतील" अशी एक ओळ टाका नि मोकळे व्हा. उरलेले म्हणतात, कबड्डी महासंघाचं नियमपुस्तक धरा, नाहीतर लॉबीवरून (मैदानाच्या दोन्ही कडांचे पट्टे) हांगझोऊच्या आशियाई खेळांसारखा तासभर खोळंबा होईल. यात बरोबर कोण?

२. शेवटची तीन मिनिटं, चार गुणांची आघाडी. रिकाम्या चढाया (गुण न घेता परतणं) करून वेळ काढणं खरंच सुरक्षित आहे का? लीगच्या बाद फेरीत यावरून दर वर्षी शिव्या पडतात.

३. हा टपरीवरचा वाद आहे, पण मिटत नाही. प्रो कबड्डीतल्या यू मुम्बाने पुढच्या लिलावात अर्धी पर्स (खेळाडू घ्यायची ठरलेली रक्कम) एका चढाईपटूवर ओतावी की नाही? पहिल्या तिन्ही मोसमांत अंतिम फेरी, २०१५ चं विजेतेपद, आणि त्यानंतर अंतिम फेरीचं तोंडही नाही. एक गट म्हणतो मोठा मासा हवाच.

---

निदानरेषा

पहिल्या प्रश्नाबद्दल. दोन्ही बाजू थोड्या चुकताहेत. आधी हांगझोऊला काय झालं ते बघा, मग पत्रकाची ओळ आपोआप सुचेल.

७ ऑक्टोबर २०२३, आशियाई खेळांचा अंतिम सामना, भारत विरुद्ध इराण. गुण २८-२८, घड्याळात दीड मिनिटही नाही. भारताच्या पवन सेहरावतची तिसरी चढाई, म्हणजे आधीच्या दोन रिकाम्या गेलेल्या, आता गुण आणला नाही तर बाद. कोणालाही स्पर्श न होता पवनचा पाय लॉबीत पडला आणि त्याला अडवायला धावलेले इराणचे बचावपटूही त्याच्यामागे लॉबीत गेले. आता गुण कोणाला?

जुन्या नियमाने, स्पर्श झालेला नसताना जो जो लॉबीत जाईल तो तो बाद. चढाईपटूही आणि त्याच्या मागे गेलेले बचावपटूही. लीगच्या सुधारित नियमाने, चढाईपटूचा पाय पडला त्या क्षणी चढाई संपली. बचावाला एक गुण. त्यानंतर लॉबीत कोण गेलं, किती गेले, ते मोजायचंच नाही. तिथे निर्णय एकदा फिरला, परत फिरला, खेळाडू मॅटवर बसले, सामना सुमारे तासभर थांबला. शेवटी भारताला ४ आणि इराणला १ गुण मिळाला, आणि सामना ३३-२९ असा संपला.

म्हणजे खोळंबा अमुक नियम वाईट होता म्हणून झाला नाही. दोन नियम लोकांच्या डोक्यात एकाच वेळी जिवंत होते, म्हणून झाला. "प्रो कबड्डीचे नियम" एवढंच लिहिलंत तर तुम्हीही तेच कराल, कारण टीव्ही बघणारा एक कर्णधार एक म्हणेल आणि जुना पंच दुसरं.

माझं मत: गावच्या स्पर्धेत सुधारित नियम धरा. मॅटवर कॅमेरे लावूनही ज्याचा निकाल लागायला तास गेला, ते तुम्ही मातीवर, हॅलोजनच्या उजेडात, दोन पंचांच्या डोळ्यांवर सोडणार? चढाईपटूचा पाय कुठे पडला हे एका पंचाला दिसतं. त्यामागून तीन गेले की चार, आणि ते शिट्टीच्या आधी की नंतर, हे कोणालाच दिसत नाही.

दुसरंही कारण आहे. जुन्या नियमात तिसऱ्या चढाईला गुण मिळत नाहीसं दिसलं की हुशार चढाईपटू मुद्दाम लॉबीत पळेल. तसाही तो बादच होणार, मग चौघांना घेऊन का जाऊ नये? कोपऱ्यातली पोरं सवयीने मागे धावतातच.

पत्रकावर हे चार मुद्दे जसेच्या तसे टाका:

– स्पर्श किंवा झटापट होण्याआधी चढाईपटूचा पाय लॉबीत पडल्यास तो बाद, चढाई तिथेच समाप्त, प्रतिस्पर्ध्यास १ गुण. त्यानंतरची कोणतीही हालचाल धरली जाणार नाही.
– स्पर्श होण्याआधी बचावपटू स्वतःहून लॉबीत गेल्यास तो बाद.
– अंगावरच्या कपड्याला झालेला स्पर्श हा स्पर्शच.
– फक्त बोनस घेतल्याने लॉबी खुली होत नाही.

तिसऱ्या मुद्द्यावर सगळ्यात जास्त भांडणं होतात. बनियनची कड बोटाला लागली तरी लॉबी खुली झाली, म्हणजे आता तिथे पाय टाकला तरी बाद नाही. "अंगाला कुठे लागलं?" हा युक्तिवाद चालत नाही. रेषेवर पडलेला पाय आत धरायचा की बाहेर, तेही नाणेफेकीच्या वेळी सरपंचांनी (गावचे नव्हेत, सामन्याचे) दोन्ही कर्णधारांना समोर उभं करून सांगावं.

---

फक्की_मारणारा

नियमाचं झालं. पण लॉबीचे निम्मे वाद मैदान आखतानाच जन्माला येतात, त्याबद्दल कोणी बोलत नाही.

पुरुषांचं मैदान १३ × १० मीटर. या १० मीटरमध्ये दोन्ही बाजूंच्या एकेक मीटरच्या लॉब्या आल्या, म्हणजे आतला पट्टा ८ मीटर. मध्यरेषेपासून निदान रेषा (चढाईपटूने ओलांडायलाच हवी ती) ३.७५ मीटर, तिथून बोनस रेषा १ मीटर, तिथून अंतिम रेषा १.७५ मीटर. बेरीज ६.५० आली पाहिजे. महिलांचे सामने ठेवणार असाल तर १२ × ८ आणि निदान रेषा ३ मीटरवर, त्यासाठी वेगळी आखणी.

मळ्यात आखताना दोरी बांधाला समांतर धरतात आणि बांध कधीच सरळ नसतो. चार खुंट्या ठोकल्या की दोन्ही कर्ण मोजा, १६.४० मीटर यायला हवेत. एक १६.४० आणि दुसरा १६.१० आला तर मैदान पतंगासारखं तिरकं झालंय. अशा मैदानात एका कोपऱ्यातला गडी रेषेच्या आत आहे असं पंचाला वाटतं आणि तो असतो बाहेर.

फक्की मध्यंतरापर्यंत टिकत नाही. सगळ्यात आधी पुसली जाते ती निदान रेषा आणि कोपऱ्याजवळची लॉबीची रेषा, कारण पाय तिथेच घासतात. मध्यंतराच्या पाच मिनिटांत फक्की मारायला दोन पोरं नेमून ठेवा, सोबत खुंट्यांना दोरी तयार पाहिजे. नुसत्या नजरेने मारलेली दुसरी फक्की पहिलीवर कधीच बसत नाही आणि मग दोन रेषा दिसतात. त्या दोन रेषांवर जो वाद होतो तो मिटवायला देवही येत नाही. जांभ्याचे खडे आदल्या दिवशीच वेचून घ्या, आणि पाणी मारायचं तर दुपारीच. रात्री दव पडतंच. वरून पाणी मारलंत तर चिखलात कबड्डी होईल.

आता भोंगा. चढाई सुरू असताना समालोचक बोलत राहिला तर पंचाला दम ऐकू येत नाही. चढाईपटू दोन सेकंद गप्प होऊन परत सुरू झाला की कोण ठरवणार? बचावातले सातही ओरडतात "दम गेला!", पंच मात्र अवाक. समालोचकाला सांगून ठेवा: चढाईपटूने मध्यरेषा ओलांडली की माईक बंद, तो परतला की चालू. यालाही शिस्त लागते, कारण माईक हातात आला की माणूस सोडत नाही.

वेळेचं गणितही बघा. १६ संघ म्हणजे १५ सामने, पहिल्या रात्री आठ. २०-५-२० मिनिटं (दोन डाव, मध्ये मध्यंतर) धरलंत तर थांबे, बदल, वाद धरून एक सामना तासाला जातो. संध्याकाळी सातला सुरू केलंत तर पहाटेचे तीन. उपांत्यपूर्व फेरीपर्यंत १५-५-१५ ठेवा.

आणि रिकाम्या चढायांची मोजणी. गुणलेखकाच्या टेबलावर प्रत्येक संघापुढे दोन पाट्या उभ्या करा. रिकामी चढाई झाली की एक आडवी. दोन्ही आडव्या म्हणजे पुढची तिसरी, सगळ्या मैदानाला दिसते. गुण आला किंवा चढाईपटू पकडला गेला की दोन्ही परत उभ्या. मध्यंतरानंतर मोजणी तशीच पुढे चालणार की नव्याने, तेही पत्रकात लिहा.

---

कोपऱ्यातला_गडी

दुसरा आणि तिसरा प्रश्न मला एकच वाटतात. दोन्हींत मुद्दा हा की मैदानावर आपले किती गडी उभे आहेत.

आधी शेवटची तीन मिनिटं. लोक हिशोब करतात: १८० सेकंद, चढाई ३० सेकंदांची, म्हणजे सहा चढाया, आपल्या वाट्याला तीन. चूक. तुम्ही ३० सेकंद काढाल, पिछाडीवरचा संघ दहा-बारा सेकंदांत येऊन जाईल. जोडी ४० सेकंदांची झाली, म्हणजे चार-पाच चढाया तुमच्या आणि तितक्याच त्यांच्या. त्यातली एक नक्की "तिसरी" असणार.

वेळ काढायला बसलेला संघ तीन ठिकाणी मार खातो.

तुमचे सहा किंवा सात गडी उभे असतील तर बोनस खुला आहे. समोरचा पकडीत सापडायला येतच नाही. पुढचा पाय बोनस रेषेपार, मागचा पाय हवेत, गुण घेतला आणि परत. चार चढायांत चार बोनस, आघाडी साफ. त्यामुळे आघाडी असताना कोपऱ्यांनी मागे चिकटून राहायचं नाही, बोनसची जागा अंगाने भरायची. पण हात टाकायची घाई नको. फसलेल्या पकडीत जितक्यांना स्पर्श झाला तितके बाद, आणि त्यांचे तितकेच गडी परत आत.

दुसरं, समोर तीन किंवा कमी गडी असताना तुमची तिसरी चढाई आली तर ती सगळ्यात महाग. तिथे अव्वल पकड झाली की त्यांना दोन गुण, शिवाय तुमचा गडी बाहेर. समोर चार-पाच जण असताना, दुसऱ्याच चढाईत गुण शोधा. तिसरीची वाट बघू नका.

तिसरं, तिसऱ्या चढाईला मुख्य चढाईपटू पाठवायची सवय. आघाडी असताना तिथे दुसऱ्या फळीतला पाठवा. गेला तर एक गुण गेला. मुख्य गडी गेला तर पुढच्या दोन चढाया कोण करणार? बाद झालेले ज्या क्रमाने बाद झाले त्याच क्रमाने परत येतात, हे विसरू नका. तो बाकावर तिसरा बसला असेल तर तीन गडी मारल्याशिवाय तो उठत नाही. आणि बोनसने कोणीच उठत नाही.

आता लिलाव. लीगच्या दहाव्या मोसमात पर्स ५ कोटींची होती. तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतला २.६०५ कोटींना घेतलं, म्हणजे निम्म्याहून जास्त एकावर. संघात किमान १८ लागतात. उरलेल्या १७ जणांना सरासरी १४ लाख. निकाल: २२ सामन्यांत २ विजय, गुणतक्त्यात शेवटचे. पवन वाईट खेळला का? अजिबात नाही. पण तो बाकावर असताना त्याला उठवणारा दुसरा हात नव्हता.

त्याच्या आदल्या मोसमाचं उदाहरण तर जास्त बोचरं आहे. तमिळ थलायवाजने पवनला २.२६ कोटींना घेतलं आणि पहिल्याच सामन्यात त्याच्या गुडघ्याला इजा झाली, मोसम संपला. तोच संघ त्या वर्षी पहिल्यांदा उपांत्य फेरीत पोहोचला. चढाईचा भार विभागला गेला होता.

---

मालवणी_दम

मेल्यांनू, प्रदीप नरवाल इसारलात काय? पाचव्या मोसमात एकट्यान ३६९ गुण केल्यान. हरियाणाच्या विरोधात बाद फेरीत ३४ गुण, पाटणा ६९-३० जिंकला. एका चढाईत सहा गडी मारल्यान नि वर लोणाचे (सगळो संघ बाद केल्याचे) दोन, आठ गुण! फायनलात १९. पैसो लागता, पण असो गडी पैसो फेडता.

आणि कोपऱ्यातल्या भावा, तुझ्याच दहाव्या मोसमात पुणेरी पलटणने मोहम्मदरेझा शादलुईसाठी २.३५ कोटी मोजले. तेही जवळजवळ निम्मी पर्स. तिथे तुझं गणित कुठे गेलं? ते तर विजेते झाले.

---

कोपऱ्यातला_गडी

@मालवणी_दम, बरोबर जागी बोट ठेवलंत. म्हणून म्हणतो, आकडा बघू नका, आकडा कोणत्या जागेवर लावला ते बघा.

शादलुई डाव्या कोपऱ्यात खेळतो. चढाईपटू समोरून येतो, त्याचा उजवा हात म्हणजे आपला डावा कोपरा. बहुतेक चढाईपटू उजवे, म्हणून दिवसभर सगळ्यात जास्त मारा त्याच कोपऱ्यावर. तिथला गडी पक्का असेल तर समोरच्याची निम्मी चढाई आधीच बांधली जाते. त्या मोसमात त्याने पकडीत ९९ गुण घेतले. आणि मुख्य म्हणजे पुणेरीकडे चढाईला अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे अशी रांग होती, घरात तयार केलेली. त्यातला एक बाहेर गेला तर दुसरा उठवायला होता. हरियाणाविरुद्धचा अंतिम सामना २८-२५ असा सुटला. असा सामना एकट्याच्या बळावर निघत नाही. पुढच्या वर्षी शादलुई २.०७ कोटींना हरियाणाकडे गेला आणि हरियाणा विजेता. पाटण्याला ३२-२३.

नरवालचं म्हणाल तर त्याच पाचव्या मोसमात पाटण्याकडे दुसऱ्या बाजूने मोनू गोयत होता. तो किती मोलाचा होता ते पुढच्या लिलावात कळलं: हरियाणाने १.५१ कोटी मोजले. नरवाल पुढे १.६५ कोटींना यूपीकडे गेला. तिथे चषक आला का?

यू मुम्बासाठी माझं म्हणणं एवढंच: एक पक्का डावा कोपरा, एक मधल्या भावाचा चढाईपटू, आणि नव्या तरुण खेळाडूंना दोन-तीन वर्षं राखून धरण्याचा धीर. अर्धी पर्स चढाईपटूवर ओतायची असेल तर आधी दुसरा चढाईपटू दाखवा.

---

मालवणी_दम

धीर धरूचो तो किती? २०१५ पासून धरलो हा.

तरी कोपऱ्याचो मुद्दो मान्य. माझं एकच: तरुण पोरांवर संघ उभा करणं म्हणजे पहिलं वर्ष गुणतक्त्यात खाली बसायची तयारी. मालक तेवढं थांबतात का?

---

दापोली_मळा

सगळ्यांचे आभार. लॉबीची चार वाक्यं तशीच पत्रकात टाकतोय, आणि कर्ण मोजायला मोठी टेप मागवली. एकच राहिलं: बाद पद्धत असल्याने बरोबरी सोडवावीच लागणार. पाच-पाच चढाया ठेवायच्या तर नेमकं कसं? गेल्या वेळी यावर कोणालाच काही माहीत नव्हतं, शेवटी नाणं उडवलं.

---

निदानरेषा

नाणं शेवटीही लागतं, पण ते फार पुढे. असं करा.

दोन्ही संघांचे सात-सात गडी आत. पाच-पाच चढाया, आळीपाळीने, आणि पाचही चढाईपटू वेगळे. एकच गडी दोनदा जाऊ शकत नाही. इथे बाद होणं आणि परत येणं नाही. गुण लिहायचा, पण गडी आतच राहतो, त्यामुळे प्रत्येक चढाईला समोर सातच्या सात. निदान रेषा हीच बोनस रेषा धरायची. म्हणजे ४.७५ मीटरऐवजी ३.७५ वरच बोनस, आणि तो सातही जण समोर असल्याने कायम खुला. तरीही बरोबरी राहिली तर सुवर्ण चढाई: नाणेफेक जिंकणारा संघ चढाई करतो, गुण मिळाला तर सामना संपला, नाही मिळाला तर दुसऱ्या संघाला संधी.

नवव्या मोसमात थलायवाज याच मार्गाने उपांत्य फेरीत गेले. यूपीशी ३६-३६, मग टाय-ब्रेकरमध्ये ६-४. २०२५ पासून तर लीगने साखळी सामन्यांतही बरोबरी ठेवणं बंद केलं, तिथेही टाय-ब्रेकरच. म्हणजे वर चाललेल्या वादाचं उत्तर इथेही दिसतं. एकाच चढाईपटूवर उभा असलेला संघ पाच वेगळी नावं आणणार कुठून? चौथ्या-पाचव्या चढाईला कव्हरचा गडी (बचावपटू) पाठवतात, तो निदान रेषा ओलांडायलाच घाबरतो आणि रिकामा परत येतो.

व्यवहारात अडचण एवढीच होते की बरोबरी झाल्यावर कर्णधार नावं ठरवायला दहा मिनिटं घेतात आणि प्रेक्षक मैदानात उतरतात. उपाय सोपा. टाय-ब्रेकर सुरू होण्याआधी पाचही नावं क्रमाने, जर्सी क्रमांकासह, चिठ्ठीवर लिहून सरपंचांकडे द्यायची, दोन्ही चिठ्ठ्या एकदमच उघडायच्या. चिठ्ठीला तीन मिनिटं. छापील कोरी चिठ्ठी टेबलावर तयार ठेवा आणि पेन दोन ठेवा, एक हमखास गायब होतं.